डोल्युटेग्रॅविर १० मि.ग्रॅ., बाळांसाठीची विरघळणारी गोळी: एका फार्मासिस्टचा अभिप्राय

मी फार्मासिस्ट आहे. एचआयव्हीसह जन्मलेल्या बाळांची औषधं देणं, ती कशी पाजायची ते घरच्यांना करून दाखवणं आणि पुढच्या भेटीत उरलेलं औषध मोजून बघणं, हे माझं रोजचं काम. औषधखिडकीच्या या बाजूला बरीच वर्षं उभं राहिल्यावर, एखादं औषध घरी पोचलं की त्याचं काय होणार याचा अंदाज यायला लागतो. डोल्युटेग्रॅविरची ही १० मि.ग्रॅ.ची गोळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटलं होतं, ही घरात टिकेल. ती टिकली. आई, बाबा, आजी, मावशी खिडकीवर जे विचारतात त्याची उत्तरं डबीवरच्या बारीक अक्षरांत मिळत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी वस्तू. लहानशी गोळी, मधोमध रेघ, म्हणजे बोटांनी दाबली की दोन सारखे तुकडे होतात. पाण्यात टाकली की थोड्याच वेळात विरघळते, वासाला आणि चवीला स्ट्रॉबेरी. बाळांना द्यायचं प्रत्येक औषध मी एकदा तरी जिभेवर ठेवून बघते. या गोळीचं पाणी आधी गोड लागतं, मागून किंचित कडसर, आणि तो कडसरपणा घोटभर पाण्यानं जातो. ही चव मी पहिल्या परिच्छेदांत का सांगते आहे ते आधीच्या औषधाबद्दल वाचलं की कळेल.

याआधी बाळांसाठीचं मुख्य औषध म्हणजे लोपिनाविर-रिटोनाविरचं सिरप. ज्यांनी ते पाजलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कडूजहर. तेही असं, की चव तासभर जिभेवरून हलत नाही. त्यात ४२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल, शिवाय औषध विरघळून राहावं म्हणून घातलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल. याच दोन पदार्थांमुळे जन्मल्यापासून १४ दिवस ते द्यायचं नाही, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आणखी थांबायचं, असा सक्त इशारा आहे. बाटली थंड ठेवायची. बाहेर ठेवलीच तर २५ अंशांपर्यंतच्या तापमानात आणि दोन महिन्यांच्या आत संपवायची. दिवसातून दोनदा सिरिंज भरायची, बाळाचे हात धरायचे, गाल दाबायचे. निम्मं बाहेर यायचं. मग आईला प्रश्न, आता परत द्यायचं की नाही? एक आजी मला म्हणाल्या होत्या, "ताई, मला बघितलं की आता नातू रडतो. मी त्याला नुसतं घ्यायला गेले तरी." त्या बाई औषध चुकवणाऱ्या नव्हत्या. पण दिवसातून दोनदा आपल्याच नातवाशी झगडायचं, हे किती महिने जमणार?

आणि फ्रिज सामायिक असेल तर निराळाच पेच. घरातल्या चार लोकांपासून लपवलेलं औषध फ्रिजच्या दारात ठेवायचं कसं? कितीतरी बाटल्या माझ्याकडे लेबल खरवडून परत आल्या आहेत.

तरीही त्या सिरपला मी वाईट म्हणणार नाही, कारण लहान बाळांना लवकर औषध दिल्यानं काय होतं हे जगाला त्याच सिरपनं दाखवून दिलं. औषध मिळालं नाही तर काय होतं हे आधी माहीत हवं. आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासांतली बाळं एकत्र मोजून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात उपचार न मिळालेल्या, एचआयव्ही झालेल्या बाळांपैकी सुमारे ३५ टक्के पहिला वाढदिवस पाहू शकली नव्हती आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत निम्म्याहून अधिक गेली होती. मोठ्या माणसाच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकतच असते, त्यामुळे विषाणू भराभर वाढतो, आणि वरून धडधाकट दिसणारं बाळ आठवड्याभरात न्यूमोनियानं खालावतं.

दक्षिण आफ्रिकेत 'चेर' नावाची चाचणी झाली. त्यात ६ ते १२ आठवड्यांची, वरवर निरोगी दिसणारी बाळं घेतली. काहींना लगेच औषध सुरू केलं. काहींना तेव्हाच्या रीतीप्रमाणे लक्षणं दिसेपर्यंत किंवा सीडी-४ (हा विषाणू ज्यांचा नाश करतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशी) घटेपर्यंत थांबवलं. औषध तेच, लोपिनाविरचं सिरप आणि जोडीला झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन. २००७ मध्ये आकडे पाहून देखरेख मंडळानं थांबवलेल्या बाळांचीही औषध सुरू करण्यासाठी तातडीनं तपासणी करायला लावली. थांबवलेल्या गटात १६ टक्के बाळं दगावली होती, लगेच सुरू केलेल्या गटात ४ टक्के. मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस बदलली: वर्षाच्या आतल्या बाळाला एचआयव्ही असल्याचं कळलं की सीडी-४ किती याची वाट बघायची नाही. आज तर कुठल्याही वयात थांबायचं नाही असाच नियम आहे. पण बाळाच्या बाबतीत 'लगेच' या शब्दाला जी धार आहे ती त्या १६ आणि ४ मधल्या फरकातून आली आहे, आणि कोणी मला विचारलं की "वजन जरा वाढू द्या, मग सुरू करू का?" तर मी हेच दोन आकडे सांगते.

म्हणून चवीला मी इतकं महत्त्व देते. औषध सातव्या आठवड्यात सुरू केलं आणि चौथ्या महिन्यात बाळ निम्मं थुंकू लागलं, तर लवकर सुरू केल्याचा बराचसा फायदा तिथेच सांडतो. अर्धवट डोसावर विषाणू औषधाला सरावतो, आणि मग पुढच्या आयुष्यासाठी एक औषध कमी झालेलं असतं.

मधल्या काळात इतर पर्याय आले. लोपिनाविरचे बारीक दाणे कॅप्सूलमध्ये भरून आले; कॅप्सूल उघडायची, दाणे मऊ अन्नावर किंवा दुधावर टाकून द्यायचे. फ्रिजची कटकट गेली. पण दाणे विरघळत नाहीत, तसेच गिळावे लागतात, आणि अगदी तान्ह्या बाळाला ते जमत नाही. दाणे तोंडात घोळवले की आतला कडवटपणा बाहेर येतोच. नेव्हिरॅपिनचं सिरप पाजायला सोपं, जन्मल्यापासून देता येतं, पण त्याच्याविरुद्ध विषाणू फार चटकन सरावतो. कित्येक बाळांत जन्मतःच सरावलेला विषाणू असतो. लहान मुलांत नेव्हिरॅपिन आणि लोपिनाविर यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा लोपिनाविर सरस ठरलं. म्हणजे आमच्यापुढे कायम हीच निवड: पाजता येईल ते दुबळं, आणि खात्रीचं ते पाजता येत नाही.

डोल्युटेग्रॅविरनं ही ओढाताण संपवली. विषाणू आपली जनुकं पेशीच्या जनुकांत घुसवतो ती पायरीच हे औषध अडवतं. मोठ्यांमध्ये ते आधीपासून वापरात होतं. लहानांसाठीची विरघळणारी ५ मि.ग्रॅ.ची मूळ गोळी २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि १० मि.ग्रॅ.ची, रेघ असलेली जेनेरिक गोळी त्याच वर्षाच्या शेवटी. किमान ४ आठवड्यांचं आणि ३ किलोचं बाळ असेल तर देता येते. दिवसातून एकदाच. फ्रिज नको. जेवणाआधी की नंतर, हेही बघायला नको.

चाचणीतले आकडेही बघा. 'ओडिसी' नावाच्या अभ्यासात १४ किलोच्या आतली ८५ मुलं होती, सगळी युगांडा, झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेतली. ९६ आठवड्यांत उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण डोल्युटेग्रॅविर घेणाऱ्यांत २८ टक्के, आणि इतर औषधं घेणाऱ्यांत, ज्यांत बहुतेकांना लोपिनाविर होतं, ४८ टक्के. २८ टक्के हा काही लहान आकडा नाही, हे मला मान्य आहे. बाळांचा उपचार अवघडच असतो. पण २० टक्क्यांचा फरक एका औषधानं पडणं ही आमच्या क्षेत्रात रोज घडणारी गोष्ट नव्हे.

आता पाजण्याची रीत, जी मी प्रत्येकाला खिडकीवर करून दाखवते आणि मग त्यांच्याकडून करून घेते. स्वच्छ छोटी वाटी घ्या. पिण्याचं पाणी दोन चमचे. गोळी टाका, हलवा, गुठळी राहू देऊ नका. पाणी गढूळ दिसेल, तसंच असतं. चमच्यानं किंवा सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं, बाळाला जरा उभं धरून. मग वाटीत पुन्हा चमचाभर पाणी घाला, तळ खळबळून तेही पाजा. हा शेवटचा चमचा लोक सोडून देतात आणि औषधाचा मोठा वाटा तळाशीच राहतो. अर्ध्या तासाच्या आत संपवायचं. सकाळी विरघळवून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. दुधाच्या भरलेल्या बाटलीत टाकायचं नाही, कारण बाळानं अर्धी बाटली सोडली तर डोस किती गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्या. त्यानंतर झाली तर नको.

एकटं डोल्युटेग्रॅविर पुरत नाही. जोडीला आबाकॅविर-लॅमिव्हुडिनची गोळी असते, तीही विरघळणारी. दोन्ही एकाच वाटीत विरघळवता येतात, त्यामुळे बाळाच्या तोंडाशी एकदाच जायचं. पण इथेच माझी पहिली तक्रार. ३ ते ६ किलोच्या बाळाला डोल्युटेग्रॅविर अर्धी आणि आबाकॅविर-लॅमिव्हुडिन एक. अर्धी कोणती आणि एक कोणती, हे रात्री अकरा वाजता, दुसरं मूल रडत असताना, लेबल खरवडलेल्या दोन डब्यांमधून ओळखायचं. उलटं होऊ शकतं, होतंही. मी अर्ध्या गोळीच्या डबीच्या झाकणावर कायमच्या शाईनं अर्धं वर्तुळ काढून देते आणि दुसरीवर पूर्ण वर्तुळ. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते समजतं आणि पाहुण्याला काही कळत नाही. तुमच्या औषधखिडकीवर असं काढून देत नसतील तर मागून घ्या. आणि कृपा करून गोळ्या दुसऱ्या डबीत ओतू नका. पाण्यात विरघळणारी गोळी हवेतला ओलावाही ओढते. मूळ डबीतली ओलावा शोषणारी पुडी तिच्यासाठीच आहे. डबी खुळखुळते म्हणून लाज वाटत असेल तर वर कापसाचा स्वच्छ बोळा ठेवा, रोजच्या रोज झाकण घट्ट लावा.

दुसरी गोष्ट तक्रार नाही, पण लोक इथे घाबरतात. बाळ ६ किलोचं झालं की अर्ध्या गोळीची एकदम दीड होते. तिप्पट! एक बाबा डबी परत घेऊन आले होते, लिहिताना काहीतरी चुकलं असणार म्हणून. चुकलेलं नव्हतं. अगदी लहान बाळाच्या यकृतात हे औषध मोडणारं विकर (एन्झाइम) अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, त्यामुळे थोडंसं औषधही रक्तात जास्त वेळ राहतं. पुढे ते विकर कामाला लागतं आणि तेवढाच परिणाम राखायला जास्त औषध लागतं. मग १० किलोला दोन, १४ किलोला अडीच, आणि २० किलोपासून मोठ्यांची ५० मि.ग्रॅ.ची गोळी. बाळं पहिल्या वर्षात झपाट्यानं वाढतात, म्हणून प्रत्येक भेटीत वजन झालंच पाहिजे. वजन न करता जुनाच डोस लिहून हातात डबी दिली तर खिडकीवरून हलू नका, वजनकाटा मागा.

याच संदर्भात आया हमखास विचारतात: "माझी गोळी पण डोल्युटेग्रॅविरचीच आहे, तिचाच तुकडा दिला तर?" नको. मोठ्यांची वरून लेप दिलेली गोळी आणि ही विरघळणारी गोळी यांचा मि.ग्रॅ.चा हिशेब जुळत नाही. विरघळणाऱ्या गोळीतलं औषध शरीरात जास्त शोषलं जातं; तिचे ३० मि.ग्रॅ. हे मोठ्यांच्या ५० मि.ग्रॅ.च्या जवळपास उतरतात. तुकडा करून दिला तर डोस कमी पडेल की जास्त, काही सांगता येणार नाही. मूळ कंपनीची ५ मि.ग्रॅ.ची विरघळणारी गोळी मिळाली तर तिचा आकडाही निराळा. नवीन डबी आली की मि.ग्रॅ. वाचा, नाहीतर वाचून घ्या.

लोह आणि कॅल्शियमची टॉनिकं बाळांना सर्रास दिली जातात. डोल्युटेग्रॅविर त्यांच्याशी चिकटतं आणि पोटातून रक्तात पुरेसं जातच नाही. गोळी टॉनिकच्या दोन तास आधी द्या किंवा सहा तासांनंतर. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅविर भराभर मोडलं जातं, म्हणून तोच डोस दिवसातून दोनदा द्यावा लागतो. क्षयरोगाचं औषध दुसरीकडून मिळत असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं औषध दाखवा. कितीदा तरी एकाला दुसऱ्याचं माहीतच नसतं.

त्रास म्हणाल तर या गोळीचा फारसा दिसत नाही. काही मुलं रात्री नीट झोपत नाहीत. वेळ बदलून सकाळी दिली की बहुतेकदा सुधारतं. जपायचं ते जोडीच्या आबाकॅविरला. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप, मलूलपणा असं एकत्र दिसू लागलं आणि दिवसागणिक वाढू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या प्रतिक्रियेमुळे आबाकॅविर बंद केलं, तर ते पुन्हा कधीही सुरू करायचं नसतं. ही प्रतिक्रिया क्वचितच येते, पण माहीत असलीच पाहिजे.

या गोळीचं खरं उणं पहिल्या चार आठवड्यांत आहे. ज्या दिवसांत घाई सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत ती देता येत नाही. तोवर नेव्हिरॅपिन, झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिनची सिरपं, किंवा जिथे मिळतात तिथे राल्टेग्रॅविरचे दाणे. ते दाणे जन्मल्यापासून चालतात आणि औषध म्हणून ताकदीचे आहेत, पण तयार करण्याची कृती बघा: पुडी १० मि.ली. पाण्यात, भांडं पाऊण मिनिट गोल फिरवायचं, सिरिंजनं ठरलेला भाग काढायचा, अर्ध्या तासात द्यायचा, उरलेलं टाकून द्यायचं. पहिला आठवडा दिवसातून एकदा, पुढे दोनदा. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईला हे शिकवताना मला वाईट वाटतं. ती शिकते, हे तिचं मोठेपण.

आणि गोळी कितीही चांगली असली तरी बाळाला एचआयव्ही आहे हे कळल्याशिवाय ती डबीतच राहते. मोठ्यांची नेहमीची तपासणी इथे उपयोगाची नाही. ती रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, शोधते, आणि आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणजे बाळ निरोगी असूनही अहवाल पॉझिटिव्ह. बाळासाठी विषाणूच शोधणारी पीसीआर तपासणी लागते. टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. पद्धत उत्तम आहे, कागद टपालानंही जातो. पण अहवाल परत यायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर काही कुटुंबं परत येतच नाहीत. त्यांचा नंबर बंद असतो, पत्ता बदललेला असतो. जिथे दवाखान्यातच तास-दीड तासात निकाल देणारं यंत्र आहे, तिथे आई बाळाला घेऊन घरी जाण्याआधी औषध तिच्या पिशवीत पडतं. पहिला अहवाल पॉझिटिव्ह आला की खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात, पण त्या दुसऱ्या उत्तरासाठी औषध थांबवायचं नसतं. आणि पहिला निगेटिव्ह आला तरी अंगावरचं दूध चालू असेतो तपासणी संपलेली नसते; नवव्या महिन्यात आणि दूध सुटल्यावर पुन्हा करायची. २०२३ मध्ये जगभरात एचआयव्ही असलेल्या मोठ्यांपैकी ७७ टक्क्यांना औषध मिळत होतं, मुलांपैकी फक्त ५७ टक्क्यांना. तोपर्यंत गोळी आलेली होती. बाळं तिच्यापर्यंत पोचत नव्हती, आणि आजही सगळी पोचत नाहीत, याचा मला संताप येतो.

एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक घर विचारतं, बहुतेकदा आवाज खाली आणून. इतकं लवकर सुरू केलं, तर कधी थांबवता येईल का? अमेरिकेतल्या मिसिसिपीतल्या बाळाबद्दल त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. त्या बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषध सुरू झालं, दीड वर्षाचं असताना औषध सुटलं, आणि तरी विषाणू दिसेना. २०१३ साली बाळ बरं झाल्याची बातमी जगभर गेली. २०१४ च्या जुलैमध्ये, औषधाविना दोन वर्षांहून जास्त काळ गेल्यावर, विषाणू परत आला. मी ही गोष्ट शेवटापर्यंत सांगते, कारण लोकांपर्यंत पहिला अर्धाच पोचलेला असतो. पुढचंही सांगते: जन्मानंतर ४८ तासांत औषध सुरू झालेल्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात ६ मुलांचं औषध काटेकोर देखरेखीखाली थांबवलं होतं. ४ मुलांत ४८ आठवड्यांहून जास्त काळ विषाणू उठला नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यांतल्या एकात ८० आठवड्यांनी उठला. हे फार मोठं आहे. लवकर औषध दिलं की विषाणूला दडून बसायला कमी पेशी मिळतात हे त्यातून दिसतं. पण ती मुलं सतत तपासणीत होती. घरी आपल्या मनानं थांबवणं म्हणजे ते नव्हे.

फसगत आणखी एका ठिकाणी होते. फार लवकर औषध सुरू झालेल्या काही मुलांच्या अंगात स्वतःची प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. आईची ओसरतात, आणि मग दोन-तीन वर्षांच्या मुलाची साधी तपासणी केली तर निगेटिव्ह येते. एक वडील असा अहवाल घेऊन आले होते, डोळ्यांत पाणी, हातात पेढे. मी त्यांना खाली बसवलं, पीसीआरचा जुना अहवाल काढला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पेढा घेतलाही, कारण औषध इतकं नीट चालू होतं म्हणूनच ती तपासणी कोरी आली होती, आणि ते त्यांच्या घरच्यांचंच श्रेय होतं. मुलाचं औषध चालू आहे. असा अहवाल आला तर औषध थांबवण्याआधी आमच्यासारख्या कुणाकडे तरी या.

पाचपैकी साडेचार देईन. राहिलेला अर्धा पहिल्या चार आठवड्यांसाठी आणि त्या अर्ध्या-एकाच्या गोंधळासाठी. गोंधळावर उपाय निघाला आहे: आबाकॅविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकाच विरघळणाऱ्या गोळीत. डबी एकच, तुकडे करायचे नाहीत, ६ किलोला तीन गोळ्या, १० किलोला चार, १४ किलोला पाच. मोजायला सोपं, शिकवायला त्याहून सोपं. तुमचं बाळ ३ महिन्यांचं आणि ६ किलोचं झालं असेल तर ती मिळते का ते पुढच्या भेटीत विचारा. मिळाली तर जुन्या दोन्ही डब्या त्याच दिवशी परत करा, घरात ठेवू नका, म्हणजे दोन्ही औषधं चुकून एकदम दिली जाणार नाहीत. ६ किलोच्या आतल्या बाळांना सध्या अर्धी आणि एक हाच हिशेब आहे. त्यांच्या डब्यांवरची वर्तुळं पुसट झाली असतील तर सोबत आणा, पुन्हा काढून देते.